पर्यायी अक्षरं: फॉन्टच्या पोटातली दुसरी वळणं तुम्ही कशी आणि कितपत वापरता?

अक्षरछंद

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मध्यंतरी एका अंकाच्या मांडणीचं काम करत होतो. मुखपृष्ठावर एकच शब्द मोठ्ठा यायचा होता, 'शिल्लक'. फॉन्ट निवडला, शब्द टाइप केला आणि नजर तिथेच अडकली. श गाठीचा आणि ल दंडाचा, हिंदी छपाईत दिसतात तसे. वाचायला काही अडचण नव्हती, पण मराठी डोळ्याला तो शब्द परका वाटत होता. सहज ग्लिफ पॅनेल, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षरचित्रं दाखवणारी खिडकी, उघडलं, तर त्याच फॉन्टमध्ये देठाचा श आणि पाकळीचा ल दोन्ही हजर! शिवाय जोडाक्षर ल्ल दोन तऱ्हांनी होतं, एकाखाली एक आणि शेजारी शेजारी. दोन-चार क्लिकमध्ये शब्द असा काही बदलला की मी तो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत बसलो.

मग त्याच उत्साहात आतली पाच-सहा शीर्षकंही हाताने बदलली. शेवटच्या दिवशी संपादकांकडून दुरुस्त मजकूर आला, तो जुन्यावर पेस्ट केला आणि अंक छपाईला गेला. हातात आला तेव्हा मुखपृष्ठावर पाकळीचा ल, काही शीर्षकांत पाकळीचा, काहींत दंडाचा, आणि आतला सगळा मजकूर दंडाचाच. एकाच शब्दाचा चेहरा चार पानांवर वेगळा. वाचकांनी तक्रार केली नाही, पण मला ते अजून बोचतं.

म्हणून विचारतोय. ही पर्यायी अक्षरं नक्की असतात कुठे, वापरायची रीत काय, आणि कुठे थांबायचं हे तुम्ही कसं ठरवता? देवनागरी, रोमन, दोन्हींबद्दल लिहा.

काना_मात्रा

चांगला विषय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण टाइप करतो ते अक्षर आणि पडद्यावर दिसतं ते चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोडला ल एकच माहीत आहे. तो पाकळीचा काढायचा की दंडाचा, हे फॉन्ट ठरवतो. त्या चित्राला ग्लिफ म्हणतात, आणि एका अक्षरासाठी फॉन्टमध्ये कितीही ग्लिफ असू शकतात. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅडोबीने १९९६ साली ओपनटाइप जाहीर केलं, त्यात एका फॉन्टमध्ये ६५,५३५ ग्लिफपर्यंत जागा आहे. त्याआधीच्या पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फॉन्टमध्ये एका वेळी २५६ च जागा हाताशी असत, म्हणून वेलबुट्टीच्या अक्षरांची वेगळी फाइल विकत घ्यावी लागायची.

आता हे जास्तीचे ग्लिफ बाहेर कसे येतात? फॉन्टमध्ये नियम लिहिलेले असतात: अमुक फीचर चालू असेल तर अमुक ग्लिफच्या जागी तमुक ठेव. स्टायलिस्टिक सेट २० पर्यंत असू शकतात. सेट चालू केला की त्यातली सगळी अक्षरं एकदम बदलतात. एकच अक्षर बदलायचं असेल तर कॅरेक्टर व्हेरियंट असतात, ते ९९ पर्यंत. स्वॉश, म्हणजे लांब शेपटीची वेलबुट्टीची अक्षरं, वेगळं, शेजार पाहून आपोआप बदलणारी कंटेक्स्च्युअल अक्षरं वेगळी. आणि तुझ्या कामाचं फीचर म्हणजे लोकलाइज्ड फॉर्म्स. मजकुराला कोणती भाषा लावली आहे ते पाहून ते अक्षराचं रूप बदलतं.

तू ग्लिफ पॅनेलमधून एकेक चित्र हाताने बसवलंस, म्हणून मजकूर बदलल्यावर ते उडालं. त्याऐवजी परिच्छेदाच्या शैलीतच भाषा मराठी ठेवली असतीस आणि फॉन्टमध्ये मराठीचे नियम असते, तर पेस्ट केलेल्या मजकुरालाही तेच वळण आलं असतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी यंत्रणा, वर्ल्ड-रेडी हवा, तो नसेल तर देवनागरी जोडाक्षरंच धड जुळत नाहीत.

निळी_शाई

वर्डमध्येसुद्धा हे आहे, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फॉन्टच्या खिडकीत अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर स्टायलिस्टिक सेट, लिगेचर (जोडून काढलेली अक्षरं) आणि अंकांचे प्रकार मिळतात, २०१० च्या आवृत्तीपासून. सरावासाठी विंडोजबरोबर येणारा गॅब्रिओला घ्या. एकच वाक्य लिहून सेट बदलत जा, आधी साधं असलेलं वाक्य हळूहळू केवढं नटत जातं ते पाहण्यासारखं आहे.

जुना_खिळा

ओपनटाइप नवं असेल, पर्यायी अक्षरं नवी नाहीत. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं तेव्हा लॅटिनला लागतात त्याच्या कितीतरी पट, अडीचशेहून अधिक वेगवेगळे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, त्याच्याकडे होते. एकाच अक्षराचे रुंद-अरुंद खिळे, जोडलेली अक्षरं, संक्षेपाच्या खुणा. ओळ उजवीकडे सरळ रेषेत संपावी म्हणून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, हवा तो खिळा उचलत असे. शब्दांमधली जागा ताणण्यापेक्षा अक्षरच बदलायचं. ती पानं पाहिली की मजकुराचा ठोकळा किती एकसारखा काळा दिसतो ते कळतं.

म्हणजे पर्यायी अक्षर सजावटीसाठीच असतं असं नाही, ते मुळात ओळ बसवण्याचं हत्यार होतं. मी खिळ्यांच्या छपाईत बरीच वर्षं काढली. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांची कप्पेदार पेटी, रोमनपेक्षा फार मोठी असायची, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, आणि एखादं जोडाक्षर संपलं की पाय मोडून काम भागवावं लागे. मग त्याच पानावर द्ध एकदा जोडून आणि एकदा हलन्त देऊन छापलं जाई. तेव्हा नाइलाज होता. आज फॉन्टमध्ये सगळं असताना एका पानावर दोन तऱ्हा दिसल्या की मला राहवत नाही. अक्षरछंद, तुझी तळमळ समजली.

शिरोरेखा

इथे सगळे ल-श वर बोलतायत, मला पहिल्या वेलांटीबद्दल लिहायचंय. ती पर्यायी अक्षरांचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

'व्यक्तिमत्त्व' हा शब्द मोठ्या आकारात टाइप करा आणि क्ति कडे पाहा. वेलांटीचा दांडा डावीकडे, आणि वरची कमान उजवीकडे जाऊन त च्या दंडावर टेकायला हवी, कारण वेलांटी सबंध जोडाक्षराची आहे. आता त्याच फॉन्टमध्ये 'रवि' लिहा. इथे कमान पुष्कळ आखूड लागते. म्हणजे एकाच वेलांटीची निदान पाच-सहा रुंदीची चित्रं फॉन्टमध्ये हवीत, आणि पुढच्या अक्षराची रुंदी पाहून योग्य ती निवडणारा नियम हवा. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये हे सगळं आपोआप होतं, तुम्ही काहीच चालू करत नाही. साध्या फॉन्टमध्ये वेलांटी एकच असते, मग क्ति वर कमान क च्या डोक्यावरच संपते आणि त उघडा राहतो. रफारासोबत वेलांटी आली की अजून वाईट, 'आर्थिक' मध्ये रफार आणि कमान एकमेकांत घुसतात.

फॉन्ट विकत घेण्याआधी मी हे तीन शब्द हमखास लावून पाहते. ज्याने वेलांटीची काळजी घेतली, त्याने बाकीची अक्षरंही मन लावून केलेली असतात असा अनुभव आहे.

अक्षरछंद

शिरोरेखा, आत्ताच माझ्याकडचे फॉन्ट उघडून 'व्यक्तिमत्त्व' लिहून पाहिलं. दोन फॉन्ट कायमचे बाजूला ठेवले.

काना_मात्रा, भाषा मराठी करून पाहिली. श बदलला, ल बदलला, पण 'कल्पना' मधला अर्धा ल जुनाच राहिला. असं का?

काना_मात्रा

कारण फॉन्ट करणाऱ्याने सुट्ट्या अक्षराचा नियम लिहिला आणि अर्ध्या रूपाचा विसरला. फार नेहमीची त्रुटी आहे. तपासायला ही ओळ जवळ ठेव: शिल्लक, कल्पना, मूल्य, शुल्क, विश्वास, निश्चय, प्रश्न, श्रम. यात श आणि ल पूर्ण, अर्धे आणि जोडलेले, सगळे येतात. जिथे एक तरी अक्षर फुटून वेगळं दिसतं, तो फॉन्ट मराठी मजकुराला अर्धवट आहे.

ज्यांना या भानगडीतच पडायचं नाही त्यांनी टिरो देवनागरी पाहा. त्यात संस्कृत, हिंदी आणि मराठी अशी तीन वेगळी फॉन्ट-कुटुंबंच दिली आहेत, मोफत आहेत. मराठीच्या फाइलमध्ये मराठी वळणं हीच मुळातली, भाषा लावायची गरज नाही. सॉफ्टवेअर भाषेचे नियम पाळत नसेल तेव्हा हा मार्ग खात्रीचा.

वेलांटी

ल आणि श च्या बाबतीत एक जोडते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात वर्णमाला ठरवून दिली आहे, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. त्यामुळे पाठ्यपुस्तक किंवा शासकीय काम असेल तर इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. ५, ८, ९ हे अंकही दोन वळणांत असतात, आणि झ, अ, ण सुद्धा. तेही बघत चला.

पण मला ज्याच्यासाठी लिहायचं होतं ते वेगळंच. एका फलकाच्या कामात मांडणीकाराने 'आचाऱ्यांना' मधला ऱ्या बदलून 'आचार्यांना' केला होता, का तर रफार दिसायला अधिक रेखीव वाटला! आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा, आचार्य म्हणजे गुरू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हे एकाच अक्षराचे दोन पर्याय नव्हेत, दोन वेगळे उच्चार आहेत आणि युनिकोडमध्येही ते वेगळे लिहिले जातात. ग्लिफ पॅनेलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी दिसतात म्हणून अदलाबदल करू नका. मराठी न येणाऱ्या मांडणीकाराकडे काम गेलं की मी ऱ्य असलेले सगळे शब्द आधी पिवळे करून देते.

जुना_खिळा

ऱ्य बद्दल शंभर टक्के सहमत. जुन्या जुळाऱ्यांकडे त्याचा खिळा वेगळा असे आणि तो संपला तर काम थांबे, रफाराने कुणी भागवत नसे.

निळी_शाई

आता रोमनकडे येते. माझं बरंचसं काम निमंत्रणपत्रिका आणि नाममुद्रांचं (लोगोंचं) आहे, त्यामुळे स्वॉश रोजच लागतात. एक अनुभव सांगते.

बाजारात अनेक स्क्रिप्ट फॉन्ट असे मिळतात की वेलबुट्टीची अक्षरं युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात ठेवलेली असतात. विकताना ते सोयीचं म्हणून सांगतात, कारण साध्या सॉफ्टवेअरमध्येही कॅरेक्टर मॅपमधून कॉपी करून चिकटवता येतं. मी एका समारंभाची २०० नावं अशी सजवली, प्रत्येक नावाचं शेवटचं अक्षर लांब शेपटीचं. नंतर फॉन्ट बदलायचं ठरलं. बदलला आणि २०० नावांची शेवटची अक्षरं गायब, सगळीकडे रिकामे चौकोन! त्या पट्ट्यातल्या जागेला ठरलेला अर्थच नाही. एका फॉन्टमध्ये तिथे शेपटीचा ए आहे, दुसऱ्यात काहीच नाही. कुठलं नाव काय होतं ते यादीशी ताडत रात्रभर बसले. पीडीएफमध्ये नाव शोधायला गेलं तरी सापडत नव्हतं.

तेव्हापासून नियम केला: अक्षर साधंच टाइप करायचं, शेपटी फीचरने आणायची. मग फॉन्ट बदलला तर फार तर शेपटी जाईल, नाव जाणार नाही.

वेबकर

निळी_शाईने लिहिलंय त्याचंच वेबवरचं रूप सांगतो. प्रोफाइलमध्ये लोक वळणदार रोमन अक्षरं टाकतात ना, तो फॉन्ट नसतोच. ती युनिकोडमधली गणिती चिन्हं आहेत, सूत्रांसाठी केलेली. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यांचा शब्द म्हणून उच्चार करेल याची खात्री नाही, काही वेळा एकेका चिन्हाचं लांबलचक नाव वाचलं जातं. दृष्टिहीन वाचकाला तुमचं नावच कळत नाही. व्यवसायाच्या नावासाठी तर हे मुळीच करू नका.

खऱ्या फॉन्टसाठी वेबवर दोन गोष्टी. पहिली, पानाला भाषा सांगा. लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा संकेत दिला की ज्या फॉन्टमध्ये मराठीचे नियम आहेत तिथे ल-श आपोआप बदलतात. नोटो सान्स देवनागरीवर करून पाहा, एका शब्दाचा फरक. कितीतरी मराठी संकेतस्थळांवर भाषा इंग्रजी लिहिलेली असते आणि मग फॉन्टला दोष दिला जातो.

दुसरी, स्टायलिस्टिक सेट सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, फॉन्ट-फीचर-सेटिंग्जने लावता येतात, पण आतल्या घटकावर तीच ओळ पुन्हा लिहिली की आधीची सगळी पुसली जाते. बेरीज होत नाही. तुम्ही शीर्षकाला सेट लावला, मग आतल्या आकड्यांना सारख्या रुंदीचे अंक लावले, तर त्या आकड्यांवरून सेट गेला. अंकांसाठी फॉन्ट-व्हेरियंट-न्यूमेरिक हा वेगळा गुणधर्म आहे, तो वापरला तर हा घोळ टळतो.

आणि हो, पान हलकं व्हावं म्हणून फॉन्ट छाटताना, म्हणजे नको ते ग्लिफ काढून फाइल लहान करताना, सांभाळा. छाटणीची हत्यारं बहुधा मोजकीच फीचर राखतात, स्टायलिस्टिक सेट वेगळे सांगितल्याशिवाय ठेवत नाहीत. तुमच्या संगणकावर पूर्ण फॉन्ट बसवलेला असतो म्हणून सगळं छान दिसतं, बाकीच्यांना साधं अक्षर दिसतं.

रेघोट्या

माझं मत थोडं वेगळं आहे. शिकणाऱ्यांच्या हातात ग्लिफ पॅनेल आलं की प्रत्येक अक्षराला शेपटी लागते. मी तर सांगते की पहिली दोन वर्षं पर्यायी अक्षरं वापरूच नका, साध्या अक्षरांतलं अंतर नीट करायला शिका. खरोखर वेगळं वळण हवं असेल तर शब्द आकृतीत बदला, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या नुसत्या रेषा करा, आणि स्वतः काढा. दुसऱ्याने काढून ठेवलेली शेपटी हजार जणांच्या कामात दिसते.

अक्षरछंद

रेघोट्या, नाममुद्रेसाठी पटतं. पण मजकुराचं काय? ८० पानांचा अंक आकृतीत बदलून कसा चालेल? आणि पाकळीचा ल ही काही शेपटी नव्हे.

रेघोट्या

ल बद्दल मी बोलतच नाहीये, तो हवाच. मी बोलतेय ते चव आणण्यासाठी घातलेल्या अक्षरांबद्दल.

आव्हाँ गार्ड या फॉन्टचं उदाहरण घ्या. अमेरिकन अक्षररचनाकार हर्ब लुबालिनने १९६८ मध्ये त्या नावाच्या नियतकालिकाची नाममुद्रा केली, तिरक्या ए आणि व्ही एकमेकांत घट्ट बसवलेल्या. त्या ठरावीक अक्षरांच्या शेजारातून ती आकृती जन्मली. मग १९७० मध्ये टॉम कार्नेझसोबत पूर्ण फॉन्ट आला, त्यात तशा कितीतरी तिरक्या जोड्या दिल्या, आणि लोकांनी त्या कुठल्याही शब्दात कोंबल्या. तिरकं अक्षर सरळ अक्षराशेजारी ठेवलं की मध्ये पाचरीसारखी मोकळी जागा उरते, आणि शब्द तिथे फुटतो. अक्षर चांगलंच होतं, शेजार चुकला.

शिरोरेखा

शेजाराचा मुद्दा फार मोलाचा आहे. मी स्वतः हे पाहते: शेपटी कुठे जाणार आहे? शब्दाच्या शेवटी किंवा ओळीच्या खाली मोकळी जागा असेल तर तिला जायला वाट आहे. मध्येच घातली तर ती खालच्या ओळीच्या डोक्यात घुसते. देवनागरीत हे जास्त जपावं लागतं, कारण खालच्या ओळीवर मात्रा, रफार, अनुस्वार आधीच उभे असतात. उकार लांबवलेला 'तू' दिसायला छान, पण खाली 'मैत्री' आली की ऊकार थेट मात्रांवर आदळतो. ओळींतलं अंतर वाढवायचं नाहीतर उकार साधा ठेवायचा.

रोमनमध्ये स्वॉशची मोठी लिपी सलग लावू नका, एवढं तरी सगळ्यांनीच पाळावं. ती अक्षरं शब्दाच्या सुरुवातीसाठी काढलेली असतात, सलग लावली की शब्द वाचताच येत नाही.

निळी_शाई

हस्ताक्षरासारखे फॉन्ट वापरणाऱ्यांसाठी एक. 'काका', 'बाबा', 'मामा' अशा शब्दांत दोन्ही अक्षरं तंतोतंत सारखी आली की हाताचा भास तिथेच संपतो, कारण हाताने कुणी दोनदा सारखं लिहीत नाही. चांगल्या फॉन्टमध्ये कंटेक्स्च्युअल फीचर एकाच अक्षराची दोन-तीन चित्रं आलटून पालटून देतं. ते चालू आहे ना बघा. फॉन्टमध्ये नसेल तर रेघोट्या म्हणते तसं, मोठ्या शीर्षकात एक अक्षर आकृतीत बदलून काना जरासा वाकवायचा. मात्र आकृती करण्याआधी टाइप केलेली प्रत वेगळ्या थरावर ठेवा, दुरुस्ती हमखास येते. आणि परवाना वाचा. नाममुद्रेत आकृती बदलणं बहुतेक परवान्यांत चालतं, फॉन्टची फाइलच बदलून वापरणं अनेकांत चालत नाही.

वेबकर

वाचनीयतेसाठीही पर्यायी अक्षरं असतात हे राहिलंच. रोमनमधला मोठा आय, छोटा एल आणि एक हा अंक कित्येक फॉन्टमध्ये एका रेघेसारखे दिसतात. पासवर्ड, पावती क्रमांक, औषधाची चिठ्ठी अशा ठिकाणी स्टायलिस्टिक सेटमधून शेपटीचा एल आणि छेद दिलेलं शून्य लावलं तर चुका टळतात. याला मी सजावट म्हणणार नाही. रकान्यांत आकडे असतील तर सारख्या रुंदीचे अंक लावाच, नाहीतर बेरजेत दशकाखाली दशक येत नाही.

अक्षरछंद

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

नव्या अंकाचं काम सुरू केलंय. या वेळी आधी काना_मात्राची ओळ आणि शिरोरेखाचे शब्द चार फॉन्टमध्ये लावून एक पान छापून घेतलं, पडद्यावर न बघता कागदावर पाहिलं. दोन फॉन्ट अर्ध्या ल वर गळले, एक 'आर्थिक' वर. राहिलेल्या एकात सगळ्या परिच्छेदशैलींची भाषा मराठी केली, ग्लिफ पॅनेलला हात लावलेला नाही. संपादकांकडून आलेला मजकूर मुद्दाम तीनदा जुन्यावर पेस्ट करून पाहिला, ल जागचा हलला नाही.

मुखपृष्ठावर मात्र एक गोष्ट अडली आहे. फॉन्टमध्ये ल्ल एकाखाली एक असा फार देखणा आहे, पण आतल्या मजकुरात शेजारी शेजारी ठेवलाय, कारण ९ पॉइंटला खालचा ल भरून जातो. मुखपृष्ठ आणि आतलं रूप वेगळं ठेवू का?

जुना_खिळा

ठेव. मोठ्या आकाराचे खिळे वेगळ्या हातांनी कोरले जायचे आणि त्यांची वळणंही वेगळी असत. मुखपृष्ठ आणि अंकातली सगळी मोठी शीर्षकं एकाखाली एक, मजकूर शेजारी शेजारी. फक्त ती शीर्षकांची शैली वेगळी कर आणि तिथे सेट लाव, म्हणजे पुन्हा हाताने बदलायची वेळ येणार नाही.

शिरोरेखा

आणि छापून झालं की मुखपृष्ठाचा फोटो इथे टाक, ल्ल जवळून पाहायचाय.